वाडग्यातले पितर

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मोरिने नावाचा माणूस आला होता, आणि त्याच्या वाडग्यात म्हणे पितर उतरत. वाडग्यात जांभळी रताळी उकडलेलं पाणी असे. मोरिने आजाऱ्याला ओला टॉवेल देई आणि हात पुसून बोटं बुडवायला लावी. माझ्या आईला, नाबेला, रक्तदाब होता. तिने बोटं बुडवली आणि जांभळं पाणी हिरवं झालं.

“आजी, घरातलं कुणी समुद्रात गेलंय,” मोरिने हळूच म्हणाला. “उपाशी आहेत ते. तुमच्या रक्तात येऊन बसलेत.”

बाबांची होडी अठरा वर्षांपूर्वी गेली, ती परत आलीच नाही. जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या आमच्या गावात हे कुणीही सांगितलं असतं. पण माझ्याही अंगावर काटा आला.

मग त्याने ‘शंभरी गाठलेल्या पूर्वजांच्या आहाराचं सत्त्व’ म्हणून चिमूटभर चूर्ण टाकलं. पाणी गुलाबी झालं. पितर शांत झाले, आता रक्तदाबाच्या गोळ्या नकोत, असं त्याने बजावलं.

आईने गोळ्या सोडल्या. कारलं, टोफू, समुद्री शेवाळ, सगळं सोडलं. नुसतं चूर्ण घेई. बाबांच्या जागी भात वाढून भर दुपारी त्यांच्याशी बोलत बसे. त्या खोलीतून जाताना मीही मागे वळून बघू लागले. एका सकाळी तिचं तोंड वाकडं झालं. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका होता, थोडक्यात निभावलं.

मी शाळेत स्वयंपाक करते. त्याच आठवड्यात मुलांसाठी जांभळ्या रताळ्याचा केक केला. कापला तर आतून हिरवा! खाण्याचा सोडा जास्त पडला होता. सुरी हातात असतानाच मला मोरिनेचा वाडगा आणि तो ओला टॉवेल आठवला.

पुढच्या बैठकीला मी सर्वांत पुढे बसले. टॉवेल न घेताच बोटं बुडवली. पाणी जांभळंच राहिलं. माझी श्रद्धा कमी पडते, असं मोरिने म्हणाला. मी त्याचा टॉवेल उचलून वाडग्यात पिळला. पाणी हिरवं झालं.

“म्हणजे पितर टॉवेलात राहतात का?” मी विचारलं.

टॉवेलात सोडा होता, आणि आईचं चूर्ण मी घरी चाखलं तेव्हा ते लिंबूसत्त्वासारखं आंबट लागलं होतं. मी त्याच हिरव्या पाण्यात लिंबू पिळून ते गुलाबी करून दाखवलं. मोरिने दुपारच्या बोटीने निघून गेला.

आई दवाखान्यातून घरी आल्यावर तिलाही दोन्ही रंग दाखवले. तिने वाडगा जवळ ओढला.

“मग ते आलेच नव्हते?”

“नाही, आई.”

बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली. मी तिचा हात धरून बसले.

आमच्या म्हाताऱ्यांनी रताळी, कारली, शेवाळ आयुष्यभर खाल्लं, पोट तुडुंब व्हायच्या आत हात धुतला, शेतात राबले. त्याचा गुण येतो, पण वर्षानुवर्षांनी. तो चिमूटभर चूर्णात मावत नाही. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन कुणी तुमची गोळी बंद करायला सांगितलं, तर गोळी चालू ठेवा आणि विचारा, हे घडलं कशाने?