तीन गावांची कणगी

ओसरीच्या कोपऱ्यात, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून जी पोटाळ वस्तू कलंडलेली दिसतेय ना, ती मी. कणगी. जवळ या, घाबरू नका. माझ्याखाली विंचू होता, तो परवाच मारला. आजकालच्या लेकरांना माझं नावसुद्धा समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. धान्य साठवायला लवचीक फांद्यांच्या फोकांनी विणून शेणा-मातीने लिंपतात ती मी. माणसाच्या छातीएवढी उंच, बुडाशी एक भोक, भोकात चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की धान्य आपसूक खाली येतं. बोलणं मात्र मला कधी जमलं नाही, आणि एका सकाळी ते न जमल्याचं फार वाईट वाटलं.

माझा जन्म ब्याऐंशी सालचा, परतूर तालुक्यातल्या लिंबोडी गावचा. रखमाजीने मला निरगुडीच्या फोकांनी विणलं. त्याचा हात चांगला होता, पण तोंड त्याहून चांगलं. एक फेर विणायचा आणि दोन गोष्टी सांगायचा. त्यामुळे मी डाव्या अंगाला जरा पोक काढूनच जन्मले. मग त्याची बायको गोजरबाई शेणा-मातीचा गारा कालवून बसली आणि तिने मला आतून-बाहेरून लिंपलं. लिंपताना माझ्याशी बोलायची. "उगं राहा गं, वाळूस्तोर हलू नको." मी कशाला हलतेय? पण तिचं ते बोलणं मला आवडायचं.

इतर कणग्यांत एका घराची ज्वारी असते. माझ्यात तीन गावांचा तांदूळ राहणार होता. त्याचं असं झालं. आदल्या उन्हाळ्यात ओढ्याकाठच्या सावरवाडीत आग लागून अर्धी वस्ती जळाली. लिंबोडीने आणि पलीकडच्या पाटोळीने लगेच ज्वारीची पोती नेऊन टाकली. पण ज्वारी कोणी फक्के मारून खातं का? गिरणी बंद, तवे-परातींचा कोळसा झालेला. लेकरं दोन दिवस पोत्यांवर बसून उपाशी राहिली.

मग पाटोळीच्या शाळेत तिन्ही गावांची बैठक झाली. अडीनडीला लागेल असं धान्य मिळून साठवावं, कोणत्याही गावावर वेळ आली की काढावं, असं ठरलं. सावरवाडीची सरदारबी उभी राहिली. तिचा नवरा पाशामियाँ लग्नांत स्वयंपाक करायचा आणि त्यांच्या घरी तांब्याची भली मोठी डेग होती. ती म्हणाली, "तांदूळ ठिवा. एक डेग, एक चूल, आन् दोनशे माणूस जल्दी जेवतं."

"भात काय आजाऱ्याला घालायचा!" पाटोळीचे अप्पाराव म्हणाले. "भाकरीबिगर पोट भरतं का?"

"घर जळाल्यावर माणूस आजारीच असतंय, अप्पाराव," सरदारबी म्हणाली. तांदूळच ठरला.

घरोघरची ज्वारी आष्टीच्या बाजारात नेऊन तिच्या बदल्यात तांदूळ आणला. राखण लिंबोडीकडे, कारण आमचं गाव उंचावर. आणि लिंबोडीत राखण कोणाची, तर गोजरबाईची, कारण तिच्या घरात कधी किडकं धान्य कोणी पाहिलं नव्हतं. दर चैत्रात जुना तांदूळ काढून तिन्ही गावांनी जेवायचा आणि नवा भरायचा. एक नियम सरदारबीने तीनतीनदा बजावला होता. तांदळात कडुलिंबाचा पाला घालायचा, बाकी तेल, पावडर काही म्हणता काही लावायचं नाही. "अडीला धुवायला पाणी कुठून आनणार? डेगीत सरळ पडला पायजे."

सहा-सात वर्षं सगळं सुरळीत चाललं. एकोणनव्वदच्या आषाढात माझ्या पोटात सोंडे झाले. दमट हवा होती, पाला कमी पडला असेल. गोजरबाईने झाकण काढून आत हात घातला आणि तिच्या बोटांवर चार काळे किडे चढले. तिचा चेहरा असा उतरला की मला माझीच लाज वाटली.

"तीन गावं काय म्हनतील गं?" ती मला म्हणाली. "लिंबोडीच्या बाईला धान्य राखता येईना?"

दुसऱ्या दिवशी रखमाजी शेतात गेल्यावर तिने सगळा तांदूळ घोंगडीवर ओतला, चाळला, आणि घरात तुरीच्या डाळीला लावतात तसं त्याला एरंडेल चोळलं. डाळीला लावतात ते थेंबाथेंबाने. इथे मात्र जीव भ्यालेला, म्हणून बाईने बाटली रिकामी केली. सोंडे मेले. गोजरबाईने बाटली पाल्याखाली लपवली आणि मला थोपटून म्हणाली, "कोनाला सांगू नको बरं का." घ्या! सांगणारी मी!

सप्टेंबरात तीन दिवस झड लागली आणि चौथ्या दिवशी उजाडता उजाडता ओढा सावरवाडीत शिरला. घरं बसली, चुली गेल्या, पण माणसं सगळी वाचून लिंबोडीच्या चढावर आली. शेवटी पाशामियाँ आला, डेग पाण्यावरून ढकलत. डेगीत दोन करडं बसली होती आणि ती राजासारखी इकडेतिकडे बघत होती. पाटोळीचे लोकही सरपण घेऊन आले. दोनशे माणसं शाळेत आणि देवळात दाटीवाटीने बसली आणि आमच्याच अंगणात, पत्र्याखाली, चूल पेटली.

विहिरीत गढूळ पाणी शिरलेलं. गावात आदल्या दिवशी भरलेले हंडे होते तेवढंच चांगलं पाणी, पिण्यापुरतं आणि भातापुरतं. सरदारबी ओल्या पदराने तोंड पुसत म्हणाली, "फिकर न्हाई. आपला तांदूळ धुवाच लागत न्हाई."

रखमाजीने माझा बोळा काढला. इतक्या वर्षांत माझं खरं काम आज आलं होतं, आणि मला ते नको होतं. तांदूळ सळसळत टोपल्यात पडत होता आणि मी गोजरबाईकडे बघत होते. ती खांबाला धरून उभी. पुराने थकलेली, भिजलेली, रिकाम्या पोटांची लेकरं. त्यांच्या पोटात एरंडेलाचा भात गेला तर काय होईल हे तिला चांगलं ठाऊक होतं. आणि बोललं तर काय होईल, तेही. बोल गं, मी मनात म्हणत होते. मला येत नाही, तू तरी बोल.

पाशामियाँने टोपलं उचललं. पाणी खळखळत होतं.

"थांबा," गोजरबाई म्हणाली.

"काय झालं? आधन येऊन राह्यलं," सरदारबी म्हणाली.

"तांदळाला एरंडेल हाय."

सरदारबीने टोपल्यात हात घातला, चिमूटभर तांदूळ बोटांत चोळला, हुंगला. "किती?"

"लई. अख्खी बाटली."

"कोनी लावलं?"

"म्या लावलं. सोंडे झाल्ते. तुमी नावं ठिवताल म्हनून सांगितलं न्हाई."

अप्पाराव उसळले. "अगं बाई, लेकरायला ढाळ लागले असते! पुराच्या वक्ताला दवाखाना तरी कुठं हाय? भरवशावर ठिवलं तुज्या आन्..." रखमाजी, ज्याचं तोंड कधी बंद नसायचं, तो खाली मान घालून उभा. गोजरबाई रडली नाही. नुसती उभी राहिली, सगळं अंगावर घेत.

सरदारबीने हात वर केला. "बोलायचं ते मंग बोला. आदी सांगा, घरात ज्वारीचं पीठ कोनाकोनाकडं हाय?"

हे सुचायला डेगीपाशी जन्म काढलेली बाईच हवी. कोरडं पीठ तेल ओढून घेतं. लिंबोडीच्या घराघरातून, पाटोळीच्या गाडीतून पिठाची गाठोडी आली. दोनशे माणसांच्या भाकरीला ते पुरलं नसतं, तेल ओढायला पुरेसं होतं. बाया गोल बसल्या. तांदूळ पिठात घोळायचा, चोळायचा, चाळणीने चाळायचा. पुन्हा नवं पीठ, पुन्हा चाळायचा. मग जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात घालून पुसायचा. सावरवाडीच्या बायांची घरं पाण्यात होती, तरी त्याही बसल्या. गोजरबाईच्या शेजारची जागा मात्र रिकामीच राहिली. मग सरदारबी चूल नवऱ्यावर सोपवून उठली आणि तिथे जाऊन बसली. दोघींनी एकच चाळणी धरली. मी कणगी असले तरी माझा ऊर भरून आला.

दुपार कलताना सरदारबीने मूठभर तांदूळ हुंगून सांगितलं, "निघालं. बिलकुल निघालं." तरी, पाण्याची ओढ असूनही, भाताचं पहिलं पाणी ओतून टाकलं. भाताला किंचित वास होता, लेकरांनी नाकं मुरडली आणि दोनदोनदा घेतला. एकदोघांची पोटं बिघडली, पण त्यांनी ते पुराच्या पाण्यावर ढकललं. उरलेलं तेलकट पीठ म्हशीला टाकलं. म्हशीचं पुढे काय झालं ते विचारू नका.

दसऱ्यानंतर आमच्याच ओसरीत बैठक झाली. गोजरबाईने माझा बोळा अप्पारावांपुढे ठेवला. "माज्याच्यानं राखन व्हनार न्हाई. दुसऱ्या गावाला न्या."

अप्पाराव बोळा उचलणार, तेवढ्यात सावरवाडीची साळूबाई बोलली. तिचं घर पुरात पार गेलं होतं. "कुठं नेता? तिथली बाई चुकली तर सांगंल का न्हाई, कोनाला ठावं? ही सांगती, येवढं तर कळलं." अप्पारावांनी हात मागे घेतला. बोळा पुन्हा माझ्या बुडाशी बसला.

तेव्हापासून एक रीत पडली. चैत्रात भरणी झाली की राखणाऱ्या बाईने सगळ्यांपुढे उभं राहून वर्षभरात धान्याचं काय काय केलं ते सांगायचं. पहिल्या वर्षी गोजरबाईने सुरुवातच एरंडेलाने केली. सरदारबी समोरून म्हणाली, "निघालं ते, बाई. बिलकुल निघालं. फुडं बोल." लोक हसले, गोजरबाईही हसली. मग दर वर्षी ते दोघींचं ठरूनच गेलं. गोजरबाईने एरंडेलाचं म्हणायचं, सरदारबीने उत्तर द्यायचं, त्याशिवाय भरणी झाल्यासारखी कोणालाच वाटायची नाही.

त्र्याण्णवला किल्लारीकडे भूकंप झाला, तेव्हा माझ्या पोटातला सगळा तांदूळ ट्रकमध्ये चढला. "आपल्यावर वेळ आली तर?" असं कोणीतरी म्हणालंच. "तव्हा ते देतील," गोजरबाई म्हणाली. सरदारबीने पोत्यांवर कोळशाने लिहून घेतलं होतं: निस्ता कडुलिंब, सरळ शिजवा. रिकाम्या पोटाने मी इतकी तृप्त पुन्हा कधी झाले नाही.

पुढे तीन गावांची सहा झाली. माझ्यात मावेना, म्हणून याच ओसरीत पत्र्याची कोठी आली. मी तिच्यावर रागावलेली नाही. ती चांगली आहे, फक्त उन्हात फार तापते. रखमाजी गेला. गेल्या पावसाळ्यात सरदारबीही गेली.

यंदाच्या चैत्रात गोजरबाई सुनेचा, बेबीनंदाचा, हात धरून कोठीपाशी उभी राहिली. आता ती बरंच विसरते. "औंदा निस्ता पाला घातला," ती म्हणाली. "पर मागं एकदा म्या एरंडेल लावलं व्हतं." आणि थांबली. समोर सहा गावांची तरणी माणसं उभी होती. म्हातारी कशासाठी थांबलीय ते कोणालाच कळेना. ती बघत राहिली, या तोंडाकडून त्या तोंडाकडे. मग बेबीनंदा म्हणाली, "चला आत्याबाई, ऊन लागंल," आणि तिला आत घेऊन गेली.

बेबीनंदा म्हणते, दिवाळीच्या आंघोळीला कणगी बंबात घालू. घालू दे. निरगुडी चांगली जळते. माझ्यासाठी मला काही मागायचं नाही. फक्त पुढच्या चैत्रात तुमच्यातलं कोणी इकडून जात असेल, तर घटकाभर या ओसरीपुढे थांबा. गोजरबाई बोलेल, आणि बोलून थांबेल. तेव्हा कोणीतरी म्हणा, "निघालं ते, बाई. बिलकुल निघालं." तिला ऐकू कमी येतं, जरा मोठ्याने म्हणा.