हरायची चुरस

लोणावळ्याच्या प्रतीक्षा ओव्हाळचे पाय त्या रविवारी सकाळपासून जमिनीवर ठरत नव्हते. पोह्यांत तिने मीठ दोनदा घातलं, चहात साखर एकदाही घातली नाही, आणि आईने हटकलं तर आईच्याच गळ्यात पडून हसत सुटली. हिराबाईंनी कपाळाला हात लावला. वडगावच्या प्रितम भालेरावशी पोरीचं जमलंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आज तो पहिल्यांदा घरी यायचा होता. अडचण एकच. पप्पांनी त्याला पोहे खायला नाही, पूल खेळायला बोलावलं होतं.

रतन ओव्हाळ रेल्वेतून निवृत्त झाले आणि पूलच्या, म्हणजे काठीने टोला देऊन बॉल टेबलाच्या पॉकेटात पाडायच्या खेळाच्या, नादी लागले. कुणा बंगलेवाल्याने टाकून दिलेलं टेबल त्यांनी पडवीत आणून बसवलं होतं. त्यांची स्टिक लाकडी, अस्सल मेपलची. इथल्या ओलीने लाकडाला बाक येतो, म्हणून पावसाळाभर ते तिला स्वतःचा मफलर गुंडाळून ठेवत. आपल्याला उभ्या संसारात कधी मफलर मिळाला नाही, हे हिराबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

प्रितमची स्टिक कार्बन फायबरची, काळी कुळकुळीत. तळेगावच्या ज्या कारखान्यात तो कामाला होता, तिथे त्याच मालाचे सुटे भाग बनायचे. ती वाकत नाही, फुगत नाही, ओल्या फडक्याने पुसली की पुन्हा नवी. हे कानावर आल्यापासून रतनराव फणकारले होते. "प्लास्टिकच्या नळीनं मला हरवणाऱ्याला मी पोरगी देणार न्हाई," असं ते जेवताना म्हणाले. म्हणताना हसले होते का, ते प्रतीक्षाला काही केल्या आठवेना. उगाच विषाची परीक्षा कशाला, म्हणून तिने प्रितमला फोनवर बजावलं, "हरायचं. पण सहज हरल्यासारखं."

प्रितम आला. जय भीम झालं, बिनसाखरेचा चहा त्याने गोड मानून संपवला. मग स्टिकच्या टोकाला चॉक घासत रतनराव म्हणाले, "एक सांगून ठेवतो, पाव्हणं. शेजारचा नथू माझ्या वाढदिवसाला मुद्दाम हरला. वरीस झालं, मी त्याच्याशी बोलत न्हाई. टेबलावर लबाडी करणारा घरात काय खरं बोलणार?"

प्रतीक्षाने हातातला ट्रे खाली ठेवला. तिने प्रितमकडे पाहून डोळे वटारले, मान जोरजोरात हलवली. बिचाऱ्याला वाटलं, नीट हर म्हणतेय. त्याने समजूतदारपणे मान डोलावली.

त्यात रतनरावांनी आणखी एक टूम काढली. "बघू तरी तुमची नळी. तुमी आमचं लाकूड घ्या." प्रितमचा चेहरा उजळला. सवय नसलेल्या काठीने आपण आपोआपच हरणार, कुणाशी खोटं वागायची गरज नाही, असा त्याचा हिशेब प्रतीक्षाला दुरूनही वाचता आला. नवल म्हणजे पप्पांचाही चेहरा उजळला होता.

आता या दोन काठ्यांमध्ये एक गोम आहे. लाकडी स्टिकने पांढऱ्या बॉलला कडेला टोला दिला, की तो पुढे जाता जाता चिमूटभर बाजूला सरकतो. म्हणून लाकडावर हात बसलेला माणूस नेमच चिमूटभर चुकवून धरतो, तेव्हा कुठे बॉल जागेवर जातो. कार्बनच्या स्टिकने बॉल फारसा सरकत नाही. जिकडे नेम, तिकडे बॉल. प्रतीक्षा दोन्हींवर खेळलेली होती, तिला हे पाठ होतं.

रतनरावांनी नेम धरला. टोला कडेला, आणि नेम मात्र सरळ. असं पप्पा जन्मात करत नसत. बॉल सरळ गेला आणि पॉकेटात पडला. रतनरावांनी नळीकडे असं पाहिलं, की जणू तिने भर लग्नात शिवी दिली. पुढचा बॉलही तसाच पडला. तिसऱ्याला कसंबसं चुकणं जमलं.

मग प्रितम. नुसत्या काठीवर भिस्त नको, म्हणून कार्बनने हमखास चुकेल एवढा नेम त्याने वाकडा धरला आणि टोला कडेला दिला. लाकडाने पांढरा बॉल चिमूटभर सरकवला, वाकड्याचं सरळ केलं, आणि त्याचाही बॉल आत. "वा," रतनराव म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. प्रितमला घाम फुटला.

तेव्हा प्रतीक्षाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा तर हरायला बघतोच आहे, पण पप्पाही हरायला बघतायत! जो जितका चुकवायला जाई तितका त्याचा बॉल आत जाई. तिच्या पोटातून हसू उसळ्या मारायला लागलं. एकीकडे जीव टांगणीला लागलेला, हे उघडं पडलं तर नथूसारखी गत होणार, आणि दुसरीकडे हसू काही आवरेना. तिने ओढणी तोंडात कोंबली.

बघता बघता टेबलावर एकच काळा बॉल उरला, तोही पॉकेटाच्या अगदी तोंडाशी. हा बॉल जो पाडेल, तो जिंकला. लहान पोराने फुंकर मारली असती तरी पडला असता. रतनरावांनी तो चुकवला. प्रितमने चुकवला. रतनरावांनी पुन्हा चुकवला, आणि इथे प्रतीक्षाची हसून हसून मुरकुंडी वळली.

"पप्पा, तुम्ही मुद्दाम हरताय."

रतनराव चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. "तुझी आई म्हनली, होणाऱ्या जावयाला पैल्याच दिवशी हरवू नये. तिच्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय का?" मग त्यांची नजर हळूहळू प्रितमकडे वळली. "आन् तुमी?"

प्रतीक्षाचं हसू जागच्या जागी थिजलं.

"मीही मुद्दामच हरत होतो, काका," प्रितम म्हणाला. का, ते त्याने सांगितलं नाही. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी सांगितलं होतं त्याला," प्रतीक्षा म्हणाली. "मला भीती वाटली, पप्पा. लय भीती वाटली."

रतनराव तिच्याकडे पाहतच राहिले. मग आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग ते टेबलाला धरून असे हसले की दारातून हिराबाई पळत आल्या. "माझ्याशी आजवर इतकं मन लावून कुणी हारलं नव्हतं," ते प्रितमच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि काळ्या बॉलकडे पाहिलं. "सकाळधरनं आमी दोघं एकमेकाला बघतोय. पोरीला कुणी इचारलंच न्हाई. प्रतीक्षा, तुला पसंत हाय का?"

तिने हाताला लागली ती स्टिक उचलली, वाकली आणि टोला दिला.

बॉल पडायच्या आधीच ती म्हणाली, "पसंत आहे."