पाच तारीख

तुम्ही गप्प बसून दानम्माला लुटलंत.

नवरा गेल्यावर तिनं कडक भाकऱ्यांचा धंदा वाढवायला पीठ मळायचं मशीन हप्त्यावर घेतलं. तुमच्या बँकेचा माणूस सोलापुरात तिच्या ओट्यावर बसला, शेंगाचटणीसंगं चार भाकऱ्या हाणल्या, अठरा सह्या घेतल्या आणि म्हणाला, "मावशी, पाच तारीख चुकवू नका."

चुकवली नाही. गल्लीतल्या गौरम्माच्या भिशीत वीस वर्षं काढलेली बाई ती. भिशीत पाच तारीख म्हणजे पाचच्या दिवेलागणीच्या आत. तेवढं पाळलं की बाईची पत राहते. दर पाचला सकाळी गिऱ्हाइकांकडची उधारी गोळा करायची, दुपारी बँकेत भरायची आणि ताठ मानेनं घरी यायचं. दोन वर्षं. खात्यातून दर महिन्याला थोडं जास्तच कापलं जायचं. तिला वाटायचं, बँकेची रीतच असेल.

आज ती पोरीच्या, अक्षताच्या शिक्षणकर्जासाठी तुमच्याच बँकेत बसली होती. नर्सिंगची फी उद्या भरायची, नाही तर जागा दुसरीला.

तुमच्या साहेबानं कॉम्प्युटरवरनं मानही उचलली नाही. "मावशी, रेकॉर्ड खराब आहे तुमचं. चोवीस हप्ते, चोवीस वेळा बाउन्स. कर्ज बसत नाही."

"काय बोलता? एक पाच तारीख चुकीवली न्हाय मी!"

"पैसे पाचच्या पहाटेच उचलले जातात. खातं रिकामं सापडलं की दंड. चार दिवसांनी पुन्हा उचलतात. तुम्ही चारलाच भरायचे होते. मेसेज गेलेत की दर वेळी."

गेले होते. नवऱ्याच्या नंबरवर, खात्याला अजून तोच जोडलेला. तो जाऊन तीन वर्षं झाली.

चोवीस वेळा दानम्मा मान ताठ करून घरी आली होती, आणि चोवीस वेळा तिच्या नावापुढं काळं लागलं होतं.

"अव्वा, चल," अक्षता आईला हळूच म्हणाली. "मी पण भाकऱ्याच थापते की."

ते ऐकलं आणि दानम्मा टेबल धरून उठली. भोवतीची माणसं वळून बघायला लागली.

"साहेब, तुमच्या माणसाचं तोंड माज्या भाकरीवर लई चाललं. 'मावशी, चारलाच भरा', एवढं बोलायला का उघडलं न्हाय? माजी पोर हितं हुबी हाय. तिच्याकडं बघून सांगा."