जावयाच्या ताटातली तंगडी

तुळजापुरात देवीचं दर्शन घेऊन लेक-जावई घरी येणार, असा निरोप सकाळी आला. लिंबाजीनं परसातला कोंबडा धरून बायकोपुढं टाकला. "रस्सा झणझणीत कर. लोहारा गावची माणसं हायती, नावं ठेवतील."

कमलबाई तिथंच पेटली. "रस्सा कशात करू? घरात तेलाचा थेंब न्हाय."

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. रेशनचं तेल त्यांच्या गावात, तामलवाडीत यायचं ते तालेवारांच्या घरात जिरायचं. खोबरं तर दोन सणांत दृष्टीला पडलं नव्हतं. लिंबाजी बाजेवर जाऊन बसला. तो असाच होता. हुकूम सोडायचा आणि निस्तरायचं बायकोवर टाकायचं.

शेवटी तिनं कोंबडा भाजायचा ठरवला. भाजायला तेल लागत नाही. मोडक्या छत्रीच्या तारा उपसून तिनं राखेनं घासल्या. लसूण, मिरची आणि मीठ पाट्यावर वाटलं, त्यात चिंचेचा कोळ घालून मांसाला चोळलं. अंगणात तीन दगड मांडून बाभळीच्या बुंध्याचे निखारे केले. कोंबडा तीन वर्षांचा, जून. भाजून चिवट होणार हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती कडुलिंबाच्या डहाळीनं त्याच्यावर मिठाचं पाणी शिंपडत राहिली. धूर डोळ्यांत जात होता आणि ती मनात नवऱ्याला शिव्या देत होती.

दिवस कलताना दोघं आले. महारुद्र फेटा सावरत पुढं, हरणा मागं. हरणा वर्षानं माहेरी येत होती. वाळली होती आणि तोंडावरचा पदर काढत नव्हती. नवऱ्यापुढं लाजत असेल, असं कमलबाईला वाटलं.

बापये अंगणातच जेवायला बसले. जावयाच्या ताटात तंगडी पडली. हरणा आईजवळ निखाऱ्यापाशी बसली होती. कमलबाईनं तारेवरचा एक तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला.

"खा."

"भूक न्हाय, आय."

पण तिची नजर तुकड्यावरनं हलत नव्हती. तिनं त्याचा मसाला चाटला. मग हळूच तुकडा तोंडात घातला, दात लावला आणि कळवळून तो हातावर काढला. डोळ्यांत पाणी आलं. कमलबाईनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. डाव्या बाजूच्या दोन दाढा नव्हत्या. तिसरी अर्धी तुटलेली, आणि हिरडी सुजून काळीनिळी झालेली.

"कशानं झालं हे?"

हरणानं नवऱ्याकडं पाहिलं.

"जात्यावर पडली ती, मामी," महारुद्र खाता खाता म्हणाला. "हिला नीट चालायचं बी कळत न्हाय. त्यात तुमचा कोंबडा असला चामट. तिला कुठनं चावंल?" आणि तो हसला.

"म्या हिला इचारलं," कमलबाई म्हणाली. "हरणा, माझ्याकडं बघून सांग."

हरणा खाली मान घालून म्हणाली, "भाकर करपली म्हणून मुसळ मारलं."

गेल्या पंचमीला हीच पोर पाया पडून सांगत होती, आय, मला सासरी लावून देऊ नको. आणि कमलबाईनंच तिच्या पदरात भाकरी बांधून तिला गाडीत बसवलं होतं. सासर असंच असतंय, असं वर ऐकवलं होतं. ते आता तिला आठवलं. जावयाचा राग आला त्याहून जास्त तिला स्वतःचा आला.

ती उठली आणि जावयाच्या ताटातली तंगडी तिनं उचलून घेतली.

"ऊठ."

जावयाला त्या घरात आजवर कुणी अरेतुरे केलं नव्हतं.

लिंबाजी धडपडून उभा राहिला. "कमळे, जावयाच्या ताटावरनं उचलतीस? गाव थुंकंल आपल्यावर."

"थुंकू द्या. लेकीच्या दाढा गेलेल्या तुमाला दिसल्या न्हायत. ताट बरं दिसलं."

महारुद्रनं हात झटकले. "चल गं," तो हरणावर खेकसला. हरणा सवयीनं उठायला लागली. कमलबाईनं तिच्या खांद्यावर हात दाबून तिला खाली बसवलं आणि स्वतः मधे उभी राहिली. महारुद्र शिव्या देत एकटाच बाहेर पडला.

मग कमलबाईनं ती तंगडी पाट्यावर घेतली. मांस सोडवून अगदी बारीक चेचलं आणि कोमट पाण्यात भाकरीबरोबर कालवून लेकीला दिलं. हरणानं वाडगं बोटानं पुसून खाल्लं.

आठ दिवसांनी महारुद्र चुलता आणि दोन पंच घेऊन आला. "न्या, तुमची हाय," लिंबाजी मान खाली घालून म्हणाला. कमलबाई उंबऱ्यावर आडवी बसली. "मला ओलांडून न्या." कुणी ओलांडलं नाही. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. भावकीनं त्यांना लग्नाकार्याला बोलवायचं बंद केलं.

निजामाचं राज गेलं त्याच्या पुढच्या वर्षी कानावर आलं, महारुद्रची सोयरीक अणदूरच्या मुलीशी ठरली आहे. मायलेकी पहाटे निघाल्या आणि पायी अणदूर गाठलं.

कमलबाईनं आपली आणि लेकीची ओळख सांगताच मुलीचा बाप दारातच भडकला. "सोताच्या लेकीनं नांदायचं न्हाय, आन दुसरीचं बी मोडायचं व्हय?"

कमलबाई उत्तर देणार, तोवर हरणाच पुढं झाली. तिनं पदर बाजूला केला, मुलीच्या आईपुढं तोंड उघडलं आणि बोटानं गाल ओढून धरला. "भाकर करपली व्हती," ती म्हणाली. "तुमच्या पोरीची कधी करपती का?"

त्या बाईनं बराच वेळ पाहिलं. आत जाऊन तिनं दोघींना पाणी आणून दिलं.

महिनाभरानं कळलं, सोयरीक मोडली. हरणा तेव्हा रानात ज्वारीची कणसं खुडत होती. तिनं ऐकून घेतलं आणि पुढच्या कणसाला हात घातला.