एका काडीत गंजी

हितेंद्रची नोकरी गेली. म्हणजे तसं काही झालेलं नाही. त्याच्या वडिलांनी, आबांनी, पेढे वाटलेत, आणि वाटलेले पेढे परत मागता येत नाहीत. त्यामुळे नोकरी आहे.

आहे ती सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात. तिथे फाटकावर काडेपेटीसुद्धा काढून घेतात, म्हणून आधी चारित्र्य पडताळणी. ‘आपल्याविरुद्ध कधी तक्रार?’ यापुढे हितेंद्रने ‘नाही’ लिहिलं. खरं तर कॉलेजात असताना भांडणाच्या रागात, पिऊन, त्याने शेजारच्या शालिग्रामनानांची पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, गंजी पेटवली होती. जवळ बांधलेली म्हैस भाजली. पोलिसांत तक्रार झाली, मग तडजोड. आबा म्हणाले होते, “मिटनं म्हंजे मिटनं.”

पडताळणीला भटू हवालदार आला. आबांनी त्याला शेतात भरीत-पुरीला बसवलं. चार शब्द चांगले बोलायला नानांनाही बोलावलं. हितेंद्र वांगी भाजायला पऱ्हाट्या पेटवत होता. ओल्या होत्या, तरी भडकल्या.

“पोराला हात आहे हां,” हवालदार म्हणाला.

आबांची छाती फुगली. “हाई त काहीच नही, साहेब! त्यानी एकच काडीमा बठ्ठी गंजी पेटाडी टाकी व्हती!”

“कोणाची?”

नानांना राहवलं नाही. गंजी त्यांची, आणि मान दुसऱ्या कोणाला गेला असता. “मनी, साहेब! धरनगावलोंग उजेड पडना व्हता!”

हवालदाराने पुरी ताटात ठेवली. मग विचार करून उचलली, भरीत संपवलं आणि हात धुऊन पेन काढलं.

निघताना म्हणाला, “पेटवलंस ते पेटवलंस. ‘नाही’ कशाला लिहिलंस?”

“खरं लिहिलं असतं तर मिळाली असती?”

“कदाचित,” त्याने ढेकर दिली.

माहिती दडवली म्हणून अपात्र, असं पत्र आलं. आबांच्या मते ते दुसऱ्या हितेंद्रचं आहे. आपला हितेंद्र रोज सकाळी डबा घेऊन एसटीने अमळनेरला जातो, स्टँडवर डबा खातो आणि ड्यूटी सुटायच्या वेळेला घरी येतो. आई विचारते, “दमना का रे?” तो म्हणतो, “हो.” तेवढं खरं असतं.

काल आबांनी सांगितलं आणि हितेंद्रने कारखान्याला अर्ज लिहिला:

‘सदर आग उमेदवाराने शुद्धीत नसताना लावली असल्याने ती पूर्वलक्षी प्रभावाने विझवण्यात यावी, व म्हशीस तसे कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.’