दुसऱ्या टोकाचा डॉक्टर

"बाबा, आजही त्यांनी नुसता रस्सा घेतला," मुलगी स्वयंपाकघरात येऊन दबक्या आवाजात म्हणाली. "गेल्या सणालाही असंच. दोन दिवस राबतेय मी, आणि माझ्या हातचं त्यांच्या घशाखाली उतरतच नाही. तोंडानं बोलत नाहीत, एवढंच."

कवळीवाला पाणी प्यायला उठला होता, तो ग्लास हातात घेऊन तसाच उभा राहिला. लेकीचे डोळे भरून आले होते. तिची सासू बाहेर ताटातलं मटण एका कडेला सारून बसली होती, आणि ती का खात नाही हे या घरात त्याला एकट्यालाच माहीत होतं. तेही आत्ताच, पाच मिनिटांपूर्वी कळलेलं.

त्याचं असं होतं. एकतीस वर्षं तो मागच्या खोलीत बसून कवळ्या करत होता. शहरातले डॉक्टर त्याच्याकडे प्लॅस्टरचे जबडे पाठवायचे. वर नुसता नंबर, नाव नाही. कवळी करायची, डबीत घालायची, धाडून द्यायची. पुढे ते दात कुणाच्या तोंडात बसले, काय खातात, कसे हसतात, काही म्हणता काही कळायचं नाही. आणि गड्याला उत्सुकता तर अशी की विचारू नका. चार माणसं जमली की लोक कपडे बघतात, दागिने बघतात. हा मेला तोंडात बघत बसायचा. बायको असती तर म्हणाली असती, जरा वर बघा, माणसाला डोळेही असतात.

आज जावयानं काहीतरी गंमत केली, विहीणबाई तोंडावरचा हात काढून हसल्या, आणि याला तो दिसला. वरचा डावीकडचा दुसरा दात, किंचित वळलेला. अगदी सरळ रांग खोटी दिसते म्हणून तो एवढा एक दात मुद्दाम वळवायचा. शहरात दुसरं कुणी असं करत नव्हतं.

आधी त्याला भलताच आनंद झाला. मग त्यानं बघितलं, की त्या दातांना काही खाताच येत नाहीये, उजवीकडे घास गेला की त्या थांबतात. गेल्या सणाआधी सगळ्यांनाच घाई होती, एका आठवड्यात वीस डब्या गेल्या होत्या. खालची उजवी कड घासायची राहिली असणार. चूक त्याची होती, आणि रडत होती त्याची मुलगी.

सांगून टाकलं असतं तर पोरीचा जीव हलका झाला असता. पण विहीणबाईंनी जे पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतं, ते सांगणारा हा कोण?

"नखं घासायची कानस आहे का गं तुझ्याकडे?"

"आत्ता? जेवता जेवता?"

"टोचतंय. दे तर."

कानस खिशात टाकून तो बाहेर आला. "विहीणबाई, जरा गॅलरीत येता? एक विचारायचं होतं."

त्या आल्या. त्यानं दार ओढून घेतलं.

"खाली उजवीकडे टोचतं ना?"

विहीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मीच केलेत ते दात."

"काहीतरीच. मी मुद्दाम दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे गेले होते. तुमच्या कानावर जायला नको म्हणून. दोन बस बदलून."

"तो माझ्याकडेच पाठवतो. सगळेच पाठवतात."

त्या मटकन स्टुलावर बसल्या. हसावं की रडावं, दोघांनाही कळेना.

"टोचत होतं तर परत दाखवायचं नाही का?"

"मला वाटलं, कवळी म्हटलं की टोचायचीच."

हे त्याला फार लागलं. चार महिने ही बाई त्याची घाई तोंडात घेऊन फिरत होती. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "इकडे द्या. पाच मिनिटांचं काम."

त्यांनी ओढलेल्या दाराकडे एकदा बघितलं. मग त्यांनी तोंड फिरवलं, आणि पाठीमागून रुमालात गुंडाळलेली कवळी पुढे केली. कवळीवाल्यानं ती घेतली आणि तोही रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. आयुष्यभर जे तोंड बघायची हौस होती ते मागे दोन हातांच्या अंतरावर होतं. त्यानं मान वळवली नाही.

कड घासली, अंगठा फिरवून बघितला, परत घासली, गॅलरीतल्या नळाखाली धुऊन दिली.

"पुढच्या दातांनी तोडू नका. बारीक तुकडे करा, आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावा. अक्रोड मात्र नको."

"तेवढेच तर आवडतात मला."

"मग कुटून."

आत येऊन विहीणबाईंनी ताट पुढे ओढलं. "सूनबाई, मटण वाढ गं. लहान तुकडे बघून."

सून वाढायचं विसरून बघत राहिली. मग तिनं वाढलं. विहीणबाईंनी एक घास घेतला, हळूच चावला, थांबल्या, मग दुसरा घेतला.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. "कसं केलंस, मला नीट सांग एकदा."

मुलीनं वडिलांकडे बघितलं. ते खाली मान घालून जेवत होते. तिनं भांडं टेबलावर ठेवलं, खुर्ची सासूच्या शेजारी ओढून घेतली, आणि कांदा किती बारीक चिरायचा, तिथपासून सांगायला लागली.