मधल्या दोन बाजू

दोन साडूंचं पटत नाही यात नवल काही नाही. पटलं तर त्यांच्या बायकांनाच संशय येतो. पण या दोघांमधून विस्तव जात नव्हता, आणि त्याचं कारण होती एक गाणारी बाई, जिला दोघांपैकी कोणी कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. ती दोन रेकॉर्डमध्ये होती. एक रेकॉर्ड थोरल्याकडे, एक धाकट्याकडे.

थोरला लिफ्ट दुरुस्त करायचा. उभी हयात इमारतींच्या डोक्यावरच्या मशीनच्या खोल्यांमध्ये, मोटारींच्या घरघरीत गेलेली. धाकटा दातांचा डॉक्टर. थोरला त्याला तोंडावर दातवाला म्हणायचा आणि धाकटा त्याला लिफ्टवाले. दाढ दुखली तर थोरला गावाच्या दुसऱ्या टोकाला परक्या डॉक्टरकडे जायचा. धाकट्याच्या इमारतीची लिफ्ट थोरल्याच्या कंपनीकडे होती, म्हणून धाकटा चार मजले पायी चढायचा. "त्या माणसाच्या दोरीला मी जीव टांगणार नाही," असं तो शेजाऱ्यांना धापा टाकत सांगायचा.

रेकॉर्डचं वेड दोघांनाही सासऱ्यांनी लावलं. सासऱ्यांच्या पोटच्या दोन्ही मुलींना त्या कपाटाचं काडीचं कौतुक नव्हतं. थोरली तर रेकॉर्डना थाळ्या म्हणायची. जावई मात्र अलगद जाळ्यात सापडले. कडेने धरायची, खाचांना बोट लागता कामा नये, मऊ ब्रशने धूळ काढायची, पिन टेकवायची आणि मग तोंड बंद ठेवून बसायचं, हे म्हाताऱ्याने दोघांना दटावून शिकवलं. थोरल्याला त्यातलं ते बसणंच आवडलं. फोनमधलं गाणं माणूस भांडी घासताना ऐकतो, मोज्याचा जोड शोधताना ऐकतो. रेकॉर्ड तसं चालू देत नाही. ती संपली की उठावं लागतं, उलटावी लागते, म्हणजे तुम्ही ऐकताय की पेंगताय ते तिला कळतं. फोनवर गाणी ऐकणाऱ्यांविषयी थोरल्याचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

या सगळ्या कपाटात एक जोडरेकॉर्ड होती. एका मैफलीची, दोन तबकड्या, चार बाजू, एका खोक्यात. कुठल्याशा संगीत मंडळाने आपल्या सभासदांपुरती काढलेली. मंडळ बुडालं, तिची पुन्हा प्रत निघाली नाही, आणि इंटरनेट उलटंपालटं करूनही ती कुठे सापडत नाही. सासरे ती जावयांना ऐकवत नसत. दार लावून एकटेच बसायचे. बाहेर दोन्ही जावई दाराला कान लावून उभे, आणि कोण कुठे उभा राहणार यावरून तिथेही ढकलाढकली. दाराआडून गुणगुण यायची तेवढीच.

सासरे गेले आणि कपाटाची वाटणी झाली. एक तुला, एक मला, असं करत करत शेवटी ते खोकं उरलं. दोघांनी त्यावर एकदमच हात ठेवला आणि कोणीच उचलेना. तेव्हा धाकट्याची बायको, थोरल्याची मेहुणी, वैतागली. तिने खोकं उघडलं आणि दोघांसमोर एकेक तबकडी आपटली. "घ्या. आता चहा प्या आणि आपापल्या घरी निघा."

मी थोरला, म्हणून पहिली माझी, असं म्हणून थोरल्याने पहिली काखेत मारली. धाकटाही मनातून खूश. गाण्याचा कळस शेवटीच असतो आणि तो आपल्याकडे आला. घरी जाऊन पाहिलं तेव्हा दोघांचीही तोंडं कडू झाली. ती रेकॉर्ड जुन्या आपोआप बदलणाऱ्या यंत्रांसाठी काढलेली होती. त्यांत दोन्ही तबकड्या एकावर एक रचायच्या. पहिली वाजली की दुसरी वरून पडायची, मग अख्खी चळत उलटायची. म्हणून पहिल्या तबकडीवर बाजू एक आणि बाजू चार होती. दुसरीवर दोन आणि तीन. थोरल्याला सुरुवात मिळाली आणि शेवट मिळाला. धाकट्याला नुसता मधला भाग.

शहाण्या माणसांनी त्याच संध्याकाळी फोन केला असता. या दोघांनी बरीच वर्षं केला नाही.

थोरल्याने आपल्या दोन बाजू अक्षरशः पाठ केल्या. पहिल्या बाजूत ती बाई सावकाश, जरा बेपर्वाईनेच गायला लागते. साथीला एक व्हायोलिन आणि एक ताल धरणारा. बाजू संपता संपता ती एक ओळ उचलते आणि ओळ मध्येच तुटते. मग एकदम चौथी बाजू. तिथे तिचा आवाज दुसऱ्याच बाईचा वाटतो, नुकतंच कोणाला तरी पोचवून घरी आलेल्या बाईसारखा. मध्ये काय झालं? तिने काय गायलं की ती अशी झाली? थोरला दर रविवारी हा प्रश्न घेऊन उठायचा आणि दातवाल्याच्या नावाने दातओठ खायचा. उत्तर त्या माणसाच्या कपाटात पडून होतं, आणि तो ते ऐकून वर पान खाल्ल्यासारखा हसत असणार, याची त्याला खात्री होती.

मग कानांची भानगड सुरू झाली. बायको हाका मारून थकली आणि त्याला तपासणीला घेऊन गेली. तिथल्या मुलीने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबा म्हणाली. थोरला बराच वेळ बसला. "सुरू कधी करणार?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "संपलं, काका."

वरचे सूर जवळजवळ गेलेत, बाकीचे हळूहळू जातील, असं तिने सांगितलं. कानाला यंत्र लावलं तर बोलणं कळेल. गाणं मात्र डब्यातून आल्यासारखं येईल, हेही तिने प्रामाणिकपणे कबूल केलं. थोरला उखडला. "माझ्या रेकॉर्डमध्ये दुसऱ्या ओळीआधी ती बाई श्वास घेते, तो सुद्धा मला ऐकू येतो. तुमचं मशीन तपासून घ्या." घरी येऊन त्याने पहिली बाजू लावली. श्वास होता. जिथल्या तिथे होता. तरी त्या रात्री भीती शिरली ती शिरलीच. खरंच जाणार असतील कान, तर मधल्या दोन बाजू ऐकायच्या राहून जातील. बाकी काही राहिलं तरी चालेल, हे नाही.

"दातवाल्याला फोन लाव," तो बायकोला म्हणाला.

"आणि काय सांगू?"

"सांग, एकदा चारही बाजू ओळीने ऐकायच्या. आणि कानांचं काही बोलायचं नाही."

दोन्ही बहिणींनी फोनवर तह केला. धाकट्याच्या घरी, धाकट्याच्या यंत्रावर, पण पिन थोरल्याची. आपल्या रेकॉर्डला दुसऱ्याने बोट लावायचं नाही. ऐकून झालं की थोरल्याने आपली घेऊन गप निघायचं.

रविवारी थोरला रेकॉर्ड पोटाशी धरून, बायकोसह हजर झाला. धाकट्याने दार उघडलं.

"या लिफ्टवाले. पोचलात का वर? मला वाटलं मध्येच अडकलात."

"तुमच्यासारखा धापा टाकत नाही आलो," थोरला म्हणाला. "पिन बदलू द्या. तुमच्या या खिळ्याने मी माझी रेकॉर्ड खरवडून घेणार नाही."

"आमच्याकडे तोंडात घालायची हत्यारं सुद्धा तुमच्या पिनेपेक्षा बारीक असतात."

"म्हणूनच लोक ओरडतात."

मेहुणीने मध्ये पडून दोघांना दोन खुर्च्यांवर बसवलं. खुर्च्या तिने मुद्दाम लांब ठेवल्या होत्या.

पहिली बाजू थोरल्याने स्वतः लावली. बाई गायला लागली आणि थोरला सुखावला. श्वास आला, व्हायोलिनची ती नाजूक मुरड आली, सगळं आलं. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून दातवाल्याकडे पाहिलं. दातवाला ही बाजू जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. पुढे झुकला होता, डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं. थोरल्याला इतका आनंद झाला की त्याला गप्प बसवेना.

"तोंड मिटा. दात मोजायला बसलोय का आम्ही?"

"तुम्ही आधी मिटा," दातवाला डोळे न उघडता म्हणाला.

ओळ मध्येच तुटली. थोरल्याने आपली रेकॉर्ड उचलली, धाकट्याने आपली ठेवली. पिन टेकली. थोरला खुर्चीत सरसावून बसला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी दात खाल्ले, ते आता येणार होतं.

ताल आला. बाई आली नाही.

थोरल्याला वाटलं, सुरुवातीला नुसता ताल असेल. तो थांबला. ठोके चालू होते आणि त्यांच्या मागे कोणी दूरवर कागद चुरगाळत असावं तशी खसखस. "आवाज वाढवा जरा," तो म्हणाला. दातवाल्याने वाढवला. ठोके मोठे झाले. बाई नाहीच.

मग त्याची नजर दाराकडे गेली. मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ओल्या हातांनी, आणि हात पुसायचं विसरली होती. त्याची स्वतःची बायको, थाळ्या म्हणणारी, गालाला हात लावून खाली बघत बसली होती. दातवाल्याचं एक बोट हवेत वर वर जात होतं आणि तिथेच थांबलं होतं. खोलीत काहीतरी चाललं होतं, सगळ्यांना मिळत होतं. त्याला सोडून.

तेव्हा थोरल्याला स्वच्छ कळलं. पहिली बाजू त्याला ऐकू येत नव्हतीच. कित्येक महिने, कदाचित वर्षं, येत नव्हती. ती त्याला पाठ होती, एवढंच. श्वास डोक्यातला, मुरड डोक्यातली. पिन नुसती फिरायची आणि गायचा तो स्वतः. ही बाजू पाठ नव्हती, म्हणून इथे काहीच नव्हतं. पण दातवाल्याला हे कळून चालणार नव्हतं. जीव गेला तरी चालेल, पण त्याला नाही. थोरल्याने डोळे मिटले, चेहरा तल्लीन केला आणि गुडघ्यावर बोटांनी ताल धरला.

ताल हळूहळू संथ झाला. ठप. ठप. ठप. एका गतीत, साधा. थोरल्याने तोही धरला. मान डोलावली. अगदी मनापासून आल्यासारखं म्हणाला, "वा."

थोरल्याने डोळे उघडले.

गाणं केव्हाच संपलं होतं. पिन शेवटच्या खाचेत जाऊन मधल्या कागदापाशी गोल गोल फिरत होती, आणि प्रत्येक फेरीला ठप असं वाजत होतं. मेहुणी, बायको आणि दातवाला तिघंही त्याच्या गुडघ्यावरच्या बोटांकडे बघत होते.

बोटं थांबली. थोरला घाव झेलायला तयार झाला. आयुष्यभराचा घाव होता तो. याहून चांगली संधी दातवाल्याला कधी मिळाली नव्हती आणि पुढे मिळणार नव्हती. थोरल्याने मनातल्या मनात उलट उत्तरही जुळवून ठेवलं.

दातवाला उठला. पिन अगदी हळू उचलली.

"या बाजूचं रेकॉर्डिंगच खराब आहे, दादा," तो म्हणाला. आवाज मोठा, शब्द सुटे सुटे, म्हाताऱ्या पेशंटशी बोलतात तसे. "तिचा आवाजही बसला होता त्या दिवशी. काही विशेष नाही. तिसरी लावू, की आधी चहा घेता?"

थोरला उठला. त्याने आपली रेकॉर्ड कव्हरमध्ये घातली, कव्हर पिशवीत घातलं.

"चौथी बाजू तुम्हाला ऐकवणार नाही मी," तो म्हणाला. "शेवट काय होतो ते कळणार नाही तुम्हाला. मरेपर्यंत नाही."

"बरं, दादा," दातवाला म्हणाला. "राहू दे. तुम्ही नीट जा."

आणि दार धरून तो उभा राहिला. बाहेर आल्यावर थोरला क्षणभर थबकला, मागून एखादा टोमणा येतोय का म्हणून. काही आलं नाही. दार सावकाश लागलं.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "बघितलंस ना कसा बोलला? दादा म्हणाला मला."

बायकोने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि त्याच्या कानाजवळ तोंड नेलं.

"चांगलं बोलला हो तो."

"तेच तर सांगतोय मी," थोरला म्हणाला.